महासाथीच्या काळात दातांची शस्त्रक्रिया आणि तुमची संमती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलदाढ काढायची असो, हिरडीखाली साठलेला पू बाहेर काढायचा असो, इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेलं कृत्रिम दाताचं मूळ) बसवायचं असो किंवा मोडलेला जबडा जुळवायचा असो, खुर्चीत बसण्याआधी तुमच्या हातात संमतीपत्र येतं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला महासाथ म्हटलं. त्यानंतर कितीतरी दवाखान्यांत या संमतीपत्राला एक जादा पान जोडलं गेलं. ते पान पुढे करताना रुग्णांनी मला जे प्रश्न विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं कोविडची आहेत, कारण आम्ही शिकलो ते त्याच काळात. पण श्वासावाटे पसरणारी दुसरी कोणतीही साथ आली, तरी प्रश्न जवळपास हेच असतील.

सही केली म्हणजे संमती दिली, असंच ना?

नाही. सही ही संमती दिल्याची खूण आहे. खरी संमती त्याआधीच्या बोलण्यात असते. ती खरी ठरायला चार गोष्टी लागतात: निर्णय घेण्याइतकं तुमचं मन शुद्धीवर आणि स्थिर असणं, गरजेची सगळी माहिती मिळणं, ती माहिती तुम्हाला समजणं, आणि कुणाच्याही दबावाशिवाय तुम्ही हो किंवा नाही म्हणणं. यातली एक जरी निसटली, तरी सही असूनही संमती अपुरी राहते.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. स्वतःच्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाला आहे, असं न्यूयॉर्कचे न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी १९१४ मध्ये एका निकालात लिहिलं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्गो खटल्यात ‘माहितीपूर्ण संमती’ हा शब्दप्रयोग न्यायालयाच्या भाषेत आला. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. कोणता धोका सांगायचा हे फक्त डॉक्टरांच्या रिवाजावरून ठरणार नाही, त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय महत्त्वाचं वाटेल यावरून ठरेल, असा त्याचा आशय. दातांच्या बाबतीत हे फार खरं आहे. खालचा ओठ काही महिने बधिर राहणं अनेकांना सोसण्यासारखं वाटतं, पण बासरी वाजवणाऱ्याला किंवा गायकाला तेच सर्वांत मोठं नुकसान असू शकतं. तुमचा व्यवसाय मी विचारतो तो याच कारणाने.

साथीच्या काळात वेगळं पान कशासाठी लागतं?

कारण दातांच्या कामात तुमचं तोंड उघडं असतं, मास्क नसतो, आणि आमचा चेहरा तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो. शिवाय आमची काही अवजारं पाणी आणि हवा यांच्या जोरावर चालतात. हवेच्या दाबावरचा ड्रिल मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. त्याला गार ठेवायला सोडलेलं पाणी लाळेत आणि रक्तात मिसळून बारीक तुषारांसारखं उडतं. दात साफ करायचं अल्ट्रासोनिक यंत्रही असाच फवारा करतं. मोठे थेंब लगेच खाली बसतात, अगदी बारीक कण मात्र खोलीच्या हवेत तरंगत राहतात.

पण सगळीच कामं सारखी नसतात. चिमट्याने सरळ दाढ काढताना फवारा जवळजवळ उडत नाही. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेसाठी हाड कापावं लागतं, तेव्हा सहसा हवेवर चालणारा ड्रिल वापरत नाहीत. त्याऐवजी सलाइनचं पाणी सोडत, बऱ्याच कमी वेगाने फिरणारा शस्त्रक्रियेचा मोटर वापरतात. त्याचाही फवारा उडतोच. म्हणून ‘साथीत दातांची कामं धोक्याची’ असं सरसकट वाक्य छापलेलं पान मला अपुरं वाटतं. तुमच्यावर करायच्या त्या एका कामात फवारा किती उडणार, हे त्यावर लिहिलेलं असावं, किंवा निदान कुणीतरी तोंडी सांगावं.

दवाखान्यात संसर्ग होण्याची शक्यता किती? आकडा सांगा.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि एकच आकडा सांगणारा डॉक्टर तुमची फसगत करतो आहे. शक्यता ठरते ती गावात साथ किती पसरली आहे, खोलीत हवा किती खेळती आहे, काम किती वेळ चालणार, तुमची लस झाली आहे का आणि तुमचं वय व आजार काय, या सगळ्यांवरून.

अंदाजाला आधार म्हणून एक गोष्ट सांगता येते. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांची एक पाहणी झाली. तिच्यात कोविड झालेल्यांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी निघालं. दिवसभर फवाऱ्यात काम करणाऱ्यांच्या बाबतीत भीती याहून कितीतरी मोठी होती. पण ही पाहणी डॉक्टरांची, रुग्णांची नव्हे, आणि साथीच्या सुरुवातीच्या काही महिन्यांची. ‘आमच्याकडे शंभर टक्के सुरक्षित’ असं म्हणायला ती पुरत नाही. नीट सांगणारा डॉक्टर म्हणेल: धोका कमी करायला आम्ही हे हे करतो, उरलेला धोका शून्य नाही, आणि तो नेमका किती हे कुणालाच मोजता आलेलं नाही.

मग साथ ओसरेपर्यंत थांबलेलं बरं नाही का?

कधी बरं, कधी घातक. आमच्याकडचं सर्वांत अवघड बोलणं याच प्रश्नावर होतं.

ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की, जिथे साथ समाजात सर्वत्र पसरली आहे तिथे नेहमीची, तातडीची नसलेली दातांची कामं पुढे ढकलावीत आणि तातडीचे उपचार मात्र सुरू ठेवावेत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत या वाक्याचा पहिला अर्धाच गाजला. त्यानंतर कित्येक आठवडे दाढ ठणकत असताना गोळ्यांवर काढलेले रुग्ण मी पाहिले. ‘तुम्हीच थांबा म्हणालात ना डॉक्टर,’ असं म्हणताना एका बाईंचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं.

थांबणं हीसुद्धा एक निवड आहे, आणि तिचेही धोके सांगितले गेले पाहिजेत. दाताच्या आतली नस सडली असेल तर अँटिबायोटिकने ती बरी होत नाही. औषधाने सूज आणि ताप दबतो, मूळ जागच्या जागी राहतं. खालच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू जिभेखाली आणि तिथून गळ्याकडे उतरू शकतो. दोन्ही बाजूंनी जिभेखालचा भाग फुगून जीभ वर ढकलली गेली की श्वासाची वाटच बंद होऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा हातात काही तासच असतात.

म्हणून सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकते आहे, गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, तोंड उघडत नाही, ताप चढतो आहे, दाबून धरूनही रक्त थांबत नाही, जबड्याला मार लागून दात नीट जुळत नाहीत, यांपैकी काहीही असेल तर साथ कितीही जोरात असो, थांबू नका. मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो मुळाला न धरता उचला, जमल्यास जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून लगेच निघा. पहिला अर्धा-पाऊण तास मोलाचा. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टाही ‘नंतर बघू’ या यादीत टाकू नका. कर्करोग साथ संपायची वाट पाहत नाही.

न दुखणारी आडवी अक्कलदाढ, इम्प्लांट, दिसण्यासाठी केलेली हिरडीची शस्त्रक्रिया ही कामं बहुधा थांबू शकतात. ‘बहुधा’ म्हणतो, कारण तीच अक्कलदाढ शेजारची चांगली दाढ किडवत असेल तर हिशेब बदलतो.

माझी चाचणी निगेटिव्ह आली. मग धोका संपला ना?

संपला नाही, कमी झाला. कोविडमध्ये संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात, सरासरी पाचेक. अगदी सुरुवातीला केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि चाचणीनंतर शस्त्रक्रियेपर्यंतच्या दिवसांतही संसर्ग होऊ शकतो. म्हणून मधले दिवस गर्दी टाळून काढा.

मला नुकताच कोविड होऊन गेला आहे. दाढ कधी काढता येईल?

मार्च २०२१ मध्ये ११६ देशांतल्या एक लाख चाळीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्गानंतर सात आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि सात आठवड्यांनंतर ते इतरांइतकं आलं. लक्षणं तोवर शिल्लक असलेल्यांना मात्र त्यानंतरही धोका जास्तच होता. त्यात सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया होत्या. जागा बधिर करणारं इंजेक्शन देऊन पंधरा मिनिटांत काढलेल्या दाढेला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पूर्ण भूल देऊन जबड्याचं काम करायचं असेल, तर मात्र तो अभ्यास तुमच्यापुढे मांडलाच पाहिजे.

याहून महत्त्वाचं म्हणजे आजारपणात कोणती औषधं दिली गेली ते सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची तयारी वेगळी करावी लागते. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड घेतली असतील किंवा साखर वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसचे (‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराचे) जे रुग्ण आले, त्यांतल्या अनेकांच्या मागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड हीच जोडी होती. काहींना पहिलं लक्षण वरच्या जबड्यातच दिसलं: अचानक हलू लागलेले दात, टाळूवर काळपट डाग, गाल बधिर. असं काही असेल तर ते दाढेचं साधं दुखणं समजून काढायला येऊ नका, तसं स्पष्ट सांगून या.

साथीचं इतकं बोललं जातं. शस्त्रक्रियेचे नेहमीचे धोके कोण सांगणार?

प्रश्न योग्य आहे. साथीच्या पानाने मूळ पान झाकलं जातं, हे मी स्वतःच्या दवाखान्यातही पाहिलं. मास्क, चाचणी, लस यांवर दहा मिनिटं जायची आणि नस दुखावण्याचा धोका शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकला जायचा.

खालची अक्कलदाढ काढताना तिच्या मुळाजवळून जाणारी नस दुखावली तर ओठ, हनुवटी किंवा जिभेची बाजू बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. कायमची बधिरता शंभरात एकापेक्षाही कमी जणांना राहते, पण ज्याला राहते त्याच्यासाठी ती पूर्ण असते. मुळं नसेला चिकटलेली दिसत असतील तर तुमच्या बाबतीतला धोका या सरासरीपेक्षा जास्त, आणि एक्स-रे समोर धरून तो दाखवला गेला पाहिजे. दाढ काढल्यावर दोन-चार दिवसांनी ठणका वाढला तर तो ड्राय सॉकेट असू शकतो, म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडतं. साध्या दाढेत हे शंभरात दोन ते पाच जणांना होतं, अडकलेल्या खालच्या अक्कलदाढेत बरंच जास्त. वरची दाढ काढताना सायनसला, म्हणजे गालामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, भोक पडू शकतं. सूज, तोंड कमी उघडणं, गालावर काळंनिळं होणं हे तर गृहीतच धरा.

साथीत यातली प्रत्येक गुंतागुंत थोडी अवघड होते, कारण पुन्हा दवाखान्यात यावं लागतं. म्हणून आधीच विचारून ठेवा: रात्री ठणका सुरू झाला तर फोन कुणाला करायचा, आणि टाके विरघळणारे घालता येतील का, म्हणजे एक फेरी वाचेल.

संमतीपत्रात लिहिलंय, ‘संसर्ग झाल्यास दवाखाना जबाबदार राहणार नाही.’ सही करू का?

या ओळीने अनेक जण घाबरतात, आणि ती बऱ्याचदा त्याच हेतूने लिहिलेली असते. धोका समजून स्वीकारणं वेगळं, आणि निष्काळजीपणा माफ करणं वेगळं. सगळी काळजी घेऊनही संसर्ग होऊ शकतो, हे मला समजलं आहे, असं वाक्य रास्त आहे. अवजारं निर्जंतुक केली नाहीत किंवा आजारी सहायकाला कामावर उभं केलं, तर तुमच्या सहीने ती चूक धुतली जात नाही. सर्वसाधारणपणे संमतीपत्र ही डॉक्टरची ढाल नसते. ओळ खटकली तर तसं बोला आणि तिचा अर्थ तुमच्या शब्दांत शेजारी लिहून घ्या. त्यावर चिडणाऱ्या डॉक्टरकडे उपचार घ्यायचे का, याचा जरूर विचार करा.

सही करण्याआधी काय काय विचारू?

सुरुवात पर्यायांपासून करा: हे केलं नाही तर काय होईल, आणि याऐवजी दुसरं काही करता येईल का? उदाहरणार्थ, दाढ काढण्याऐवजी रूट कॅनाल होईल का, की आज फक्त पू काढून दुखणं थांबवता येईल? मग पद्धत विचारा: फवारा उडणार का, रबर डॅम (कामाचा दात सोडून बाकी तोंड झाकणारा रबराचा पातळ पडदा) लावता येईल का, पाणी आणि फवारा खेचून घेणारं जोरदार सक्शन आहे का, खिडकी किंवा हवा बाहेर टाकणारा पंखा आहे का, आधीच्या रुग्णानंतर खोली किती वेळ मोकळी ठेवता? पोव्हिडोन आयोडीनने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने चूळ भरायला सांगतील. तिने तोंडातले विषाणू काही काळ कमी होतात, पण तेवढ्याने प्रसार थांबतो असा ठोस पुरावा नाही, हेही त्यांनी सांगायला हवं. कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालं आहे का, हेही विचारता येतं. त्यात उद्धटपणा काही नाही.

फोनवर किंवा व्हिडिओवर समजावून सांगितलं तर चालेल?

माझ्या मते बरेचदा ते जास्त चांगलं. घरी बसून, मास्कशिवाय, शेजारी घरचं माणूस घेऊन ऐकलेलं नीट डोक्यात जातं. कागद आदल्या दिवशी पाठवला तर रात्री वाचून सकाळी शंका विचारता येतात. तोंड तपासल्याशिवाय आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय काही गोष्टी फोनवर ठरत नाहीत. त्या समोर आल्यावर पुन्हा बोलायच्या.

मास्कची अडचण मला उशिरा कळली. एक आजी मी सांगत असलेल्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. दाढ निघाल्यावर ओठ बधिर का लागतो म्हणून घाबरल्या, तेव्हा मुलगी म्हणाली, आईला ऐकू कमी येतं, ती ओठ वाचून समजते. माझे ओठ मास्कआड होते. त्या दिवसापासून मी रुग्णाला विचारतो, ‘आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत आणि त्यात काय होऊ शकतं?’ त्यांच्या तोंडून ते आलं, की समजलं म्हणायचं. ही पद्धत तुमच्या डॉक्टरांनी वापरली नाही, तर तुम्हीच म्हणा, ‘मला काय कळलं ते सांगतो, बरोबर आहे का बघा.’

नातेवाईकाने माझ्या वतीने सही केली तर?

तुम्ही सज्ञान आहात आणि स्वतः ठरवू शकता, तर सही तुमचीच. मुलाने सही केली म्हणून वडिलांची संमती झाली, असं होत नाही. वडील वयस्कर असले तरीही. साथीत सोबतच्या माणसाला बाहेर थांबवतात, म्हणून हे आणखी जपायला हवं. हवं तर फोन स्पीकरवर ठेवून घरच्यांना बोलण्यात घ्या. लहान मुलांसाठी आई-वडील किंवा कायदेशीर पालक संमती देतात, पण समजण्याइतक्या मोठ्या मुलाला विचारून, त्याच्या शब्दांत सांगूनच सुरुवात करावी. कागद कळत नसलेल्या भाषेत असेल तर तुमच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा.

अपघातात मी बेशुद्ध असेन तर?

जीव किंवा श्वास वाचवण्यासाठी लगेच करायचं तेवढं डॉक्टर संमतीशिवाय करू शकतात. त्याच बैठकीत ‘आलोच आहोत तर’ म्हणून थांबू शकणारं काम उरकता येत नाही.

सही केली, खुर्चीत बसलो, आणि मन बदललं तर?

नाही म्हणा. इंजेक्शन दिल्यावरही म्हणू शकता. दाढ अर्धी कापून झाली असेल, तर डॉक्टर सुरक्षितपणे कुठे थांबता येईल ते सांगतील. तोंडात अवजारं असताना बोलता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की काम थांबेल. गुंगीचं औषध दिल्यावर नवी संमती घेता येत नाही. त्यामुळे ‘आत गेल्यावर जसं दिसेल तसं’ यात काय काय येऊ शकतं, हे आधीच बोलून घ्या.

ताप आहे हे सांगितलं तर तारीख जाईल. नाही सांगितलं तर?

संमती दोन्ही बाजूंची असते. तुम्ही लपवलेला ताप सहायकाच्या, पुढच्या रुग्णाच्या आणि तुमच्याही जिवाशी खेळतो. तातडीचं काम असेल तर लक्षणं असतानाही उपचार मिळतात, फक्त वेगळ्या खोलीत, वेगळ्या तयारीने. घरात कुणी आजारी असेल तर तेही सांगा. ही माहिती गोपनीयच राहायला हवी. साथीच्या नियमांनुसार आरोग्य यंत्रणेला कळवावं लागणार असेल, तर तसं तुम्हाला आधी सांगितलं गेलं पाहिजे.

सही केली, पण शस्त्रक्रिया दोन महिने पुढे गेली. तोच कागद चालेल?

तो बाजूला ठेवून पुन्हा बोला. दोन महिन्यांत साथ बदलते, तुमची तब्येत बदलते, दाढेची स्थितीही बदलते. तेव्हा वाट पाहणं शहाणपणाचं होतं, आज कदाचित नसेल, किंवा उलटंही. नवी तारीख, नवं बोलणं, नवी सही, आणि त्या कागदाची एक प्रत तुमच्याकडे.